‘मिश्र हिग्ज’ की ‘संयुक्त हिग्ज’?

तासगावच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: हिग्ज बोसॉन मूलकण नसून आणखी लहान घटकांचा बनलेला असावा, असं मांडणाऱ्या प्रारूपांवर मुलांसाठी टिपण लिहायचंय, त्याला ‘मिश्र हिग्ज’ म्हणावं की ‘संयुक्त’? आणि हिग्जसाठी ‘वस्तुमान देणारा कण’ हा प्रयोग चालेल का?

‘संयुक्त’च. मूळ संख्या आणि संयुक्त संख्या ही जोडी मुलांना गणितातून माहीत असते. मूलकण आणि संयुक्त कण त्याच वळणाचे. ‘मिश्र’ म्हटलं की मिश्रण डोळ्यांपुढे येतं. आपल्या सांगलीच्या भडंगातले शेंगदाणे वेचून काढता येतात. प्रोटॉन क्वार्क नावाच्या मूलकणांचा बनलेला, पण त्यातला क्वार्क कितीही जोर लावा, सुटा हाती लागत नाही. शिवाय प्रोटॉनचं वस्तुमान सुमारे ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), तर त्याच्या तीन क्वार्कांचं स्वतःचं मिळून जेमतेम ९-१०. उरलेलं जवळपास सगळं क्वार्कांच्या धावपळीतून आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या बलातून येतं. इथे घटकांपेक्षा बंधाला मोल आहे, म्हणून अशा बांधलेल्या कणासाठी ‘बद्ध अवस्था’ (बाउंड स्टेट) हा शब्द. लिपिबद्ध, करारबद्ध यांतला हा ‘बद्ध’ चपखल बसतो. ‘बांधील’ मात्र नको, तो माणसांच्या निष्ठेचा शब्द.

कॅप्लन आणि जॉर्जी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेली कल्पना अशीच: एखादं नवं प्रबळ बल काही घटकांना बांधतं आणि त्यातून हिग्ज तयार होतो. मग तो इतका हलका कसा? २०१२ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेला सापडलेला हिग्ज १२५ जीईव्हीचा (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), आणि हे बल असलंच तर त्याच्या ऊर्जेची पातळी हजारो जीईव्हीची हवी. उत्तराचा धागा पायॉन या कणामध्ये आहे. तोही क्वार्कांचाच बनलेला, पण एका सममितीच्या (निसर्गनियमांतल्या सारखेपणाच्या) भंगातून जन्मल्यामुळे अवघा १४० एमईव्हीचा. हिग्जही तसाच असावा, हा या प्रारूपांचा मला सर्वांत देखणा वाटणारा भाग.

‘वस्तुमान देणारा कण’ बोलण्यात खपतं, टिपणात नको. इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळतं ते हिग्ज क्षेत्रामुळे. कण ही त्या क्षेत्रातली लहर. तेव्हा ‘वस्तुमान देणारं क्षेत्र’ लिहावं. आणि क्रियापद ‘आहे’ नको, ‘असावा’ हवं: हिग्ज संयुक्त असेल तर डब्ल्यू आणि झेड या बलवाहक कणांशी असलेली त्याची जोडणी प्रमाण प्रारूपाच्या (मूलकणांच्या सध्याच्या मान्य सिद्धांताच्या) अंदाजाहून थोडी वेगळी निघायला हवी, आणि तसा फरक अजून दिसलेला नाही.