सहा-सहाची वॉच, अठरा तासांचा दिवस आणि पहाटेची झापड

तुमचा भाऊ मुरगाव बंदरात टगवर (मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी बोट) 6-6 ची वॉच करतो, म्हणजे 6 तास पहाऱ्याची ड्युटी आणि 6 तास सुट्टी, आळीपाळीने; सात तास झोपूनही पहाटे चारला त्याचे डोळे मिटतात; आणि पाणबुड्यांवरचा 18 तासांचा दिवस का बंद केला, असं तुम्ही विचारलंत. दोन्हींचं मूळ एकच. झोप किती झाली याच्याइतकंच ती घड्याळात कुठे पडली हे महत्त्वाचं.

अमेरिकी पाणबुड्यांवर तीन गट असत: 6 तास वॉच, 12 तास मोकळे, म्हणजे 18 तासांची एक फेरी. मोकळे म्हणायचे, पण ड्रिल, दुरुस्ती, अभ्यास सगळं त्यातच. हिशेब मांडा. पहिली वॉच सकाळी 6 ला, पुढची रात्री 12 ला, मग संध्याकाळी 6, मग दुपारी 12, आणि चौथ्या दिवशी परत सकाळी 6. झोप दर फेरीला 6 तास अलीकडे सरकते. शरीराचं घड्याळ मात्र 24 तासांहून किंचित मोठं. ते दिवसाला तासभर हलवणंही जड, त्यात अलीकडे ओढणं जास्तच. पाण्याखाली ऊनही नाही. मग ते घड्याळ वॉचला जुमानत नाही, स्वतःच्या गतीने चालतं, आणि कधी ऐन वॉचमध्येच शरीराची मध्यरात्र येते. 2014 च्या सुमारास 8 तास वॉच आणि 16 तास बाकी, असा 24 तासांचा दिवस सुरू झाला. सोनारसमोर (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) सलग 8 तास बसणं सोपं नाही, तरी झोपेची वेळ रोज तीच राहते, आणि माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

भावाची वॉच सरकत नाही, ही जमेची बाजू. रात्री 12 ते 6 आणि दुपारी 12 ते 6 असेल, तर त्याने मुख्य झोप सकाळीच घ्यावी. 6 ला हँडओव्हर (पुढच्या माणसाकडे वॉच सोपवणं) झाला की डेकवर गॉगल लावावा, कारण कोवळं ऊन डोळ्यांत गेलं की शरीर 'दिवस उजाडला' असं धरतं. हलकं खाऊन 7 पर्यंत बंकवर (झोपायच्या फळीवर). पोर्टहोलला (केबिनच्या गोल खिडकीला) काळं जाड कापड, कडा टेपने बंद. बोटभर फट राहिली तरी तिरीप थेट उशीवर येते. रात्रीची झोप साडेआठ ते सव्वाअकरा. उठल्यावर अर्धा तास डोकं जड असतं, त्यामुळे अकरा पन्नासला उठून थेट व्हीलहाऊस (बोट चालवायची खोली) गाठू नये. कॉफी रात्री 2 च्या आत; निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण 5 तास लागतात.

व्यापारी जहाजांच्या नियमात 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, आणि एक तुकडा सलग 6 तासांचा हवा. 6-6 मध्ये दोन्ही हँडओव्हर पंधरा मिनिटं लांबले तरी तो सलग तुकडा मोडतो. विश्रांतीच्या तासांची नोंद भरताना भावाने खरी वेळ लिहावी.