दमसास: ज्युदो शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीस पत्र

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. स्वसंरक्षणासाठी ज्युदोच्या वर्गाला नाव घातले, पण शिक्षक डाव कमी शिकवतात आणि धावणे व दोरीच्या उड्याच अधिक करून घेतात, अशी तुझी तक्रार आहे. कोणी अंगावर धावून आले तर मी दोरीच्या उड्या मारायच्या का, असेही तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. मी तुझ्या शिक्षकांच्या बाजूचा आहे, पण नुसते ‘सांगतात ते कर’ म्हणून तुझी बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

पुढच्या वेळी रॅन्डोरी, म्हणजे सरावातली मोकळी लढत, चालू असताना बाजूला बसून थकलेल्या खेळाडूकडे नीट पाहा. आधी त्याच्या बोटांतला जोर जातो. समोरच्याची कॉलर हातात असते, पण ती ओढण्याऐवजी तो तिला लोंबकळू लागतो. मग हनुवटी वर जाते, तोंड उघडे पडते, खांदे कानांकडे सरकतात आणि शरीराचा भार टाचांवर येतो. ओसोतो-गारीसाठी, म्हणजे पाय मागून झाडून पाठीवर पाडण्याच्या डावासाठी, प्रतिस्पर्ध्याला यापेक्षा सोयीचे उभे राहता येणार नाही. या खेळाडूला डाव येत नाहीत असे नव्हे. मिनिटभरापूर्वी तोच उत्तम लढत होता. दम तुटला की हातातली विद्या हाताशी राहत नाही, आणि विचारही आखडतो: उजवीकडे वाट मोकळी असताना माणूस समोरच ढकलत राहतो.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. एखादा डाव पूर्ण ताकदीने मारताना लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेली असते आणि हा साठा जेमतेम दहा सेकंदांच्या जोरापुरता असतो. त्यानंतर मिनिट-दोन मिनिटे शरीर ऑक्सिजनची वाट न पाहता साखर वापरून वेळ भागवते, पण त्यात स्नायूंतील आम्लता वाढते आणि हातपाय जड होतात. पहिला साठा पुन्हा भरायचा असेल तर ऑक्सिजनच लागतो. म्हणजे तुझा दुसरा, तिसरा, पाचवा डाव पहिल्याइतकाच जोरकस होईल की नाही, हे हृदय आणि फुप्फुसे किती लवकर तो साठा भरून देतात यावर ठरते. संथ धावण्याचा वेगवान डावाशी संबंध आहे तो असा, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी समजून घेतला जातो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेविषयी नेहमी सांगितले जाते की, एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच, पुरेशी विश्रांती न देता, त्यांना पुढच्या कुस्तीला उभे करण्यात आले आणि ती त्यांच्या हातून गेली. जोर-बैठकांवर वाढलेल्या, इतक्या तयारीच्या मल्लालाही दोन कुस्त्यांमध्ये दम परत मिळवायला वेळ हवा असतो, हे ध्यानात घे.

स्पर्धेत निदान नियम तरी असतात. ज्युदोची लढत चार मिनिटांची असते आणि पंच ‘माते’ म्हणाले की दोघांनाही थांबावे लागते. रस्त्यावर थांबवणारा कोणी नसतो. शिवाय तिथे तुला जिंकायचे नसते, सुटायचे असते: मनगट सोडवायचे, ओरडायचे, उजेड आणि माणसे असतील तिथपर्यंत पळायचे, आणि तिथे पोचल्यावर 112 वर आपण कुठे आहोत ते समजेल असे सांगायचे. यातील प्रत्येक कामाला श्वास लागतो, ओरडण्यालाही. त्यात भीतीने छातीची धडधड आधीच वाढलेली असते. रोजच्या सरावात धाप लागूनही काम चालू ठेवण्याची सवय झालेल्या व्यक्तीला ती धडधड अनोळखी वाटत नाही, आणि मला या मेहनतीचा हाच मोठा लाभ वाटतो.

आता तयारीविषयी. पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून तीनदा अर्धा तास इतक्याच गतीने धाव की सोबतिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलताना वाक्य तुटू लागले तर वेग कमी कर. हा पाया घाईने घालता येत नाही. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा उचिकोमी, म्हणजे जोडीदाराला न पाडता डावात शिरण्याचा पुन्हा पुन्हा सराव, जोरात करावी: वीस सेकंद पूर्ण वेगाने, चाळीस सेकंद विश्रांती, अशा सहा ते आठ फेऱ्या. पुढे शिक्षकांच्या संमतीने तू मध्ये उभी राहा आणि ताज्या दमाच्या जोडीदारांशी एकामागून एक लढ. तालमीत वस्ताद आपल्या पठ्ठ्यांकडून हेच करून घेतात. तालमीतल्या सपाट्यांचा व्यायाम रोज केल्यास उत्तम. थांबल्यानंतर एका मिनिटात नाडी किती उतरते ते वहीत टिपत जा. पाया पक्का होत गेला की ती अधिक झपाट्याने उतरू लागते.

एक गोष्ट मात्र आधी कर. जिना चढतानाही धाप लागते असे तू पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहेस. मला ते सहज सोडून देण्याजोगे वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजन पोचणार कसा? अशा वेळी आपण आळशी आहोत असे समजून मुली स्वतःला अधिक दामटतात आणि आजारी पडतात. म्हणून या आठवड्यातच रक्त तपासून घे, अहवाल डॉक्टरांना दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव. तोवर फक्त चालणे आणि संथ उचिकोमी चालू ठेव; धावण्याचे वेळापत्रक आपण त्यानंतर ठरवू.

तुझा हितचिंतक