काय नोंदवावं, काय पुसावं : कोल्हापुरातल्या नव्या ग्रंथपालास पत्र

प्रिय सहकारी,

सस्नेह नमस्कार.

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रुजू झालीस आणि लगेच दारातलं रजिस्टर, पुस्तकपेढीची (विद्यार्थ्यांना सत्रभर पुस्तकांचे संच देणाऱ्या योजनेची) यादी आणि संगणकात साठलेला वाचनाचा इतिहास या तिन्हींचं काय करायचं ते विचारलंस. प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ग्रंथालयातली नोंद उघडी पडली तर तिचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. राजारामपुरीत स्वतःच्या घरात राहणाऱ्या, घरी पुस्तकांचं कपाट असलेल्या मुलाचं फारसं काही बिघडत नाही. चंदगड किंवा शाहूवाडीकडून आलेली, कॉट बेसिसवर राहून शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी मात्र आपल्या ग्रंथालयाच्या वह्यांमधून पूर्ण वाचता येते. तिची जात, घरची परिस्थिती, ती कधी येते, कधी जाते, कुठला कायदा चाळते, सगळं. आणि तिला दुसरं ग्रंथालय परवडत नाही. खासगीपणा हा सामाजिक न्यायाचाच भाग आहे असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

पुस्तकपेढीपासून सुरुवात कर, कारण तिथे सर्वांत जास्त दुखावलं जातं आणि दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेतून घेतलेल्या पुस्तकांच्या पाठकण्यावर ‘बी.सी. बुक बँक’ असा ठळक शिक्का किंवा रंगीत पट्टी असते. वर्गात बाकावर ठेवलेलं पुस्तक मग मालकाची जात सांगतं. काही मुलं त्यापायी पेढीचे संच नेतच नाहीत आणि झेरॉक्सवर पैसे घालवतात. ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा दिसला की आधी पाठकणा बघ.

शिक्का आतल्या ठरलेल्या गुप्त पानावर मार. पाठकण्यावर बाकीच्या पुस्तकांसारखंच वर्गांक-ग्रंथकार चिन्हाचं लेबल लाव. निधी वेगळा असल्याने लेखापरीक्षणाला स्वतंत्र दाखल नोंदवही लागते, ती ठेव, पण कपाटात कुलूपबंद. संगणकात या पुस्तकांना संग्रह-संकेत दे आणि तो वाचकांच्या ओपॅकवर (पुस्तकं शोधायच्या ऑनलाइन यादीवर) दिसणार नाही अशी व्यवस्था कर. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे महाविद्यालयाच्या गरीब विद्यार्थी निधीतून घेतलेले संच आणि या योजनेचे संच काउंटरवर एकाच नावाने दे. ‘सत्रभर संच’ एवढं नाव पुरे. हिशेबात दोन शीर्षं वेगळी राहतील, रांग मात्र एकच. संच नेणाऱ्याच्या जातीचा अंदाज मग कुणाला बांधता येत नाही. सभासद-प्रकाराचं नावही तेच ठेव, कारण ते ओळखपत्रावर छापून येतं आणि काउंटरच्या पडद्यावर दिसतं.

पात्रता ग्रंथालयाने तपासू नये. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्ती विभागाकडे महाडीबीटीच्या (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या) कामासाठी आधीच असतो. त्यांच्याकडून फक्त पीआरएन क्रमांकांची (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकांची) यादी माग. समाजकल्याण कार्यालयाला लाभार्थ्यांची नावं द्यावी लागली तर ती कार्यालयीन पत्राने जातील, सूचनाफलकावर लागणार नाहीत. आणि परिचरांना स्पष्ट सांग की वाचनकक्षात ‘बी.सी.वाले इकडे या’ अशी हाक यापुढे ऐकू येता कामा नये. हे सांगताना संकोचू नकोस.

सभासदत्वाचा अर्जही बदलून घे. नाव, वर्ग, पीआरएन, संपर्क आणि छायाचित्र पुरेसं आहे. जात, धर्म, पालकांचं उत्पन्न आणि आधार क्रमांक हे रकाने बहुतेक जुन्या नमुन्यावरून उतरलेले असतात. प्रवर्गनिहाय आकडेवारी लागलीच तर कार्यालयाकडून बेरजा मिळतात. २०१७ साली, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यातल्या कसोट्या रकान्यांना लावून बघ: कायद्याचा आधार आहे का, हेतू रास्त आहे का, आणि त्या हेतूला लागते त्यापेक्षा जास्त माहिती घेतो आहोत का. तिसऱ्या कसोटीवर निम्मा अर्ज गळून पडतो.

आता दारातलं रजिस्टर. नाव, वर्ग, मोबाइल, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही असे सहा रकाने असलेलं ते टेबलावर दिवसभर उघडं पडलेलं असतं. मुलीचा नंबर मिळवायला कुणाला काही चोरावं लागत नाही, पान उलटलं की झालं. ती रोज साडेपाचला निघते हेही त्यातच. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि त्याची सामग्री आपणच पुरवत असतो. मोबाइलचा रकाना आजच काढ. शक्य असेल तर ओळखपत्राचा बारकोड स्कॅन कर. वही ठेवायचीच असेल तर फक्त वर्गनिहाय उभ्या रेघांची मोजणी कर, पाचव्या रेघेने आडवी काट मारून. अंगठ्याच्या यंत्राचा प्रस्ताव आला तर लेखी विरोध कर. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही, आणि पुस्तक वाचायला आत येण्यासाठी तो मागणं कुठल्याही मापाने जास्तच आहे.

कोल्हापुरात या गोष्टीला एक जुना संदर्भ आहे. महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांतल्या लोकांना संशयित मानून हजेरी द्यावी लागे, आणि शाहू महाराजांनी १९१८ साली ती पद्धत बंद केली. १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशाइतकं त्या निर्णयाबद्दल बोललं जात नाही, पण माणसाच्या ये-जा करण्याची वही ठेवणं म्हणजे त्याच्यावर संशय ठेवणं, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्या समाजांच्या नशिबी ती वही होती त्यांचीच पणतवंडं आज आपल्या दारात सही करतात, एवढं ध्यानात असू दे.

नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) कामात ग्रंथालयाच्या रोजच्या वापराचे आकडे पुराव्यासह मागतात. घाईत रजिस्टरची पानं जशीच्या तशी स्कॅन होऊन महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढतात आणि नावं-नंबरांसकट वर्षानुवर्षं तिथेच राहतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा डिजिटल माहितीला लागू होतो. कागदावर घेतलेली माहिती त्याच्या कक्षेत येते ती डिजिटल केल्यावर. म्हणजे वहीचं पान स्कॅनरवर ठेवताच तू त्या कायद्यात पाऊल टाकतेस. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. घडी बसवायला हा वेळ चांगला आहे.

पुरावा म्हणून दिवसवार बेरजांचा तक्ता प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह दे. नमुना पान हवंच असेल तर नावांवर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढ आणि ती प्रत स्कॅन कर. संगणकावर काळा चौकोन ओढून झाकू नकोस; खालचा मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो आणि कॉपी-पेस्ट केला की बाहेर येतो. आधीच चढलेल्या फाइली शोधून उतरवून घे.

देवघेवीचा इतिहास हा यातला किचकट भाग. कोहा या ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीत कुणी कधी कुठलं पुस्तक नेलं हे परतीनंतरही साठत राहतं. त्याला निनावी करण्याची सोय आहे, पण क्रम चुकला तर ती चालत नाही. आधी ‘निनावी वाचक’ असा एक खोटा सभासद तयार कर. त्याचा अंतर्गत क्रमांक सिस्टीम प्रेफरन्सेसमधल्या ‘अ‍ॅनॉनिमसपेट्रन’मध्ये टाक. हा क्रमांक त्या सभासदाचं पान उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत दिसतो. लोक तिथे ओळखपत्राचा क्रमांक टाकतात आणि मग सोय का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. कर्मचाऱ्यांना वाचन-इतिहास दाखवणारा पर्याय बंद कर. ‘शेवटचा वाचक’ साठवणारा वेगळा पर्याय असतो, तोही बघ. मग टूल्समधून एका ठरावीक तारखेआधीचे व्यवहार एकगठ्ठा निनावी कर. आधी डेटाबेसच्या प्रतीवर करून पाहा, कारण हे उलटवता येत नाही. थकलेला दंड सभासदाच्या खात्यावर राहतो आणि पुस्तक किती वेळा गेलं हा आकडाही राहतो, त्यामुळे अहवाल अडत नाहीत.

मुदत किती? मी ३६५ दिवस सुचवेन. लेखापरीक्षण, दंडाचे वाद आणि बे-बाकी दाखले तेवढ्यात निपटतात. डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांतही माहिती आणि तिच्यावरच्या प्रक्रियेच्या नोंदी किमान वर्षभर ठेवण्याची तरतूद आहे, म्हणून त्याखाली जाण्याआधी महाविद्यालयाच्या वकिलांना विचार. एवढं करूनही व्यवहारांच्या लॉगमध्ये आणि सांख्यिकीच्या तक्त्यात सभासद क्रमांक मागे राहतो. त्याची सफाई वेगळ्या स्क्रिप्टने करावी लागते, संगणक विभागाला तसं लेखी कळव. आणि जुने बॅकअप! पंचगंगेचा पूर पाहिलेल्या शहरात बॅकअप दुसऱ्या इमारतीत हवाच, पण तो कुणाच्या घरच्या पेनड्राइव्हवर नको. कूटबद्ध हार्डडिस्क, प्राचार्यांच्या कपाटात, आणि मुदत संपलेली प्रत पुसल्याची नोंद. कोहाऐवजी सोल ही ग्रंथालय-प्रणाली वापरत असशील तर अहवाल काढायचे अधिकार कुणाकुणाला आहेत ते तपास. एकच पासवर्ड पाच जणांत फिरत असेल तर तो आधी बदल.

‘मग पानं कुणी फाडली ते कसं कळणार?’ असं तुला नक्की विचारतील. परतीच्या वेळी काउंटरवरच पुस्तक चाळून घेणं हे त्याचं उत्तर आहे. वर्षापूर्वीच्या वाचकांच्या यादीवरून फाडणारा सिद्ध होत नाही. एआयआरचे (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या न्यायनिवाड्यांच्या मालिकेचे) बांधीव खंड बाहेर जात नाहीत. खंड मागताना वाचकाने दिलेली चिठ्ठी संध्याकाळच्या तपासणीपर्यंत ठेव आणि खंड ठीक असला की ती चिठ्ठी फाडून टाक.

थकीत पुस्तकांच्या यादीत पुस्तकाचं नाव कधीही लावू नकोस. घटस्फोट, कौटुंबिक हिंसाचार, विशेष विवाह कायदा १९५४, तृतीयपंथीयांचे हक्क ही आपल्याकडे अभ्यासाची पुस्तकं आहेत आणि कुणाच्या तरी आयुष्याचीही. फलकावर काहीच नको, वैयक्तिक एसएमएस जाऊ दे. एखादं पुस्तक कुणाकडे आहे असं प्राध्यापकांनी विचारलं तरी नाव न सांगता आरक्षण नोंदव.

फोनचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो येणार. ‘आमची पोरगी आज वाचनालयात आली होती का?’ फोनवरचा माणूस वडील आहे, चुलता आहे की आणखी कोण, हे तुला कळायचा मार्ग नाही. आंतरजातीय लग्नाच्या विचारात असलेल्या सज्ञान मुलीसाठी या उत्तराची किंमत फार मोठी असू शकते. सर्वांनी एकच वाक्य पाठ करावं: ‘फोनवर वाचकांची माहिती देत नाही, निरोप असेल तर प्राचार्य कार्यालयात द्या.’ आणि ते वाक्य सगळ्यांसाठी सारखं वापरावं, नाहीतर नकारातूनच उत्तर कळतं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या काही मुली अठराच्या आतल्या असतात. तिथे पालकांशी प्राचार्यांनी बोलावं, काउंटरने नाही.

पोलीस आले तर अदबीने बसव आणि लेखी मागणी घे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी संहितेतलं ९१, दस्तऐवज हजर करण्याविषयी आहे. पत्रात नेमकी कोणती नोंद, कोणत्या काळातली, हे असावं. आवक क्रमांक टाक, त्याच दिवशी प्राचार्य आणि वकील यांना दाखव, मागितली तेवढीच नोंद दे, पोच घे. झडतीचं वॉरंट असेल तर अडवू नकोस, पंचनाम्याची प्रत माग. मागणी आल्यानंतर त्या नोंदीतलं काहीही पुसायचं नाही, नेहमीची सफाईसुद्धा थांबवायची. पुरावा नष्ट करणं गुन्हा आहे. म्हणूनच पुसण्याचं वेळापत्रक आधीपासून ठरावात असावं लागतं. माहिती अधिकारात कुणी वाचकाची नोंद मागितली तर अर्ज जनमाहिती अधिकाऱ्यांकडे पाठव. वैयक्तिक माहितीविषयीचं कलम ८(१)(ञ) आणि त्रयस्थाला नोटीस देण्याचं कलम ११ त्यांनी पाहायचं.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, सहा जिल्ह्यांचं काम इथे येतं. कनिष्ठ वकील ग्रंथालयाच्या संगणकावर अर्जाचे मसुदे टाइप करतात आणि फाइल डेस्कटॉपवर राहते, पक्षकाराच्या नावासकट. कधी त्यात लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव असतं, जे उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. संगणक बंद होताच सगळं पुसलं जाईल अशी मांडणी करून घे, प्रिंटरची रांग रोज रिकामी कर, आणि कॅमेऱ्याचा कोन पडद्यांवर नव्हे तर दारावर ठेव.

हे सगळं तुझ्या एकटीच्या शब्दावर टिकणार नाही. ग्रंथालय समितीपुढे एका पानाचा ठराव ठेव: कोणती नोंद, कशासाठी, कोण पाहणार, किती दिवसांनी पुसणार. मराठीत लिही, कारण काउंटरवरचा परिचर तो वाचणार आहे. पुस्तकपेढीचे शिक्के आणि मोबाइलचा रकाना यांना ठरावाची वाट पाहायची गरज नाही, ते या आठवड्यातच कर. ठरावाचा मसुदा झाला की पाठव, मुदतींचा तक्ता मी तपासून देईन.

कळावे,

तुझी,
एक ज्येष्ठ ग्रंथपाल