‘नाहीतर शिकवत बसेल’ ही भीती

ताई, नमस्कार.

मुलगा बारावीला आहे, चार वर्षं ट्रम्पेट शिकतोय आणि अमेरिकी जाझ ट्रम्पेटवादक क्लार्क टेरींची रेकॉर्डिंग ऐकून त्यानं जाझचं मनावर घेतलंय, असं तुम्ही लिहिलंत. पुढे लिहिलंत, ‘नाव झालं नाही तर जन्मभर पोरांना शिकवत बसेल.’ मला या वाक्याबद्दलच बोलायचंय.

टेरी १९२० साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, अकरा भावंडांच्या गरीब घरात जन्मले. पहिलं वाद्य त्यांनी भंगारातून जोडलं: बागेतल्या पाइपची गुंडाळी, एका टोकाला रॉकेलचं नरसाळं, दुसऱ्या टोकाला शिशाच्या नळीचा तुकडा. तो आवाज ऐकून शेजाऱ्यांनीच वर्गणी काढली आणि गहाणवटीच्या दुकानातून साडेबारा डॉलरचा खरा ट्रम्पेट आणून दिला.

पुढे ते काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या जाझमधल्या दोन्ही दिग्गजांच्या बँडमध्ये वाजवत होते. बेसींकडे असतानाच क्विन्सी जोन्स, जो पुढे नामवंत संगीतकार झाला, शाळकरी वयात पहाटे, शाळेआधी, त्यांच्याकडे शिकायला यायचा. रात्रभर वाजवून आलेला माणूस त्याच्यासाठी उठायचा! म्हणजे शिकवणं त्यांच्या वाट्याला हरल्यावर आलेलं नाही, ऐन बहरात आलं. नंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या मुलांचा बँड उभा केला. नव्वदी ओलांडल्यावर, मधुमेहानं पाय गेलेले असताना, बिछान्यावरून ते जस्टिन कॉफ्लिन या अंध पियानोवादकाला रात्री उशिरापर्यंत शिकवत. ट्रम्पेट शिकणाऱ्यांकडून तर, फुंकीआधी जिभेला वळण बसावं म्हणून, ते स्वरावली आधी तोंडानं म्हणून घेत. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी पढंत करतात, तसंच.

पोटाचंही सांगतो. १९६० मध्ये टेरी एनबीसी या अमेरिकी रेडिओ-टीव्ही कंपनीच्या वाद्यवृंदात पगारी वादक झाले, तिथले पहिले कृष्णवर्णीय. अशा स्टुडिओत समोर येईल ते नोटेशन त्याच क्षणी वाजवावं लागतं. म्हणून मुलाला आत्ताच विचारा, न पाहिलेलं पान तो वाजवू शकतो का? अडखळत असेल, तर हे वर्ष त्यावरच घालवू दे.

बारावी पूर्ण करू दे, पदवीही सोडू नये. सोबत ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा द्याव्यात. आठव्या, म्हणजे सर्वांत वरच्या ग्रेडपर्यंत पोचायला वर्षं लागतात. परदेशी कॉलेजचा विचार शिष्यवृत्ती मिळाली तरच करा, त्यासाठी कर्ज काढू नका.

आणि एक करा. जवळच्या एखाद्या लहान मुलाला आठवड्यातून एकदा तुमच्या मुलानं शिकवावं. तीन महिन्यांनी दोघांचं वाजवणं रेकॉर्ड करून मला पाठवा, त्या मुलाचं आधी.