थँक्सगिव्हिंगच्या सकाळी अमेरिकेत होणाऱ्या ‘टर्की ट्रॉट’ शर्यतींमुळे गरिबांना खरंच मदत होते का?

होते, पण किती, ते शर्यत कोण भरवतं यावर आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टर्की पक्ष्याच्या जेवणावर आडवा हात मारण्याआधी पाच-दहा किलोमीटर पळून घ्यायचं, असा हा प्रकार. काही जण तर डोक्यावर चक्क टर्कीची टोपी घालून धावतात! न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातली शर्यत १८९६ पासूनची. पहिल्या वर्षी जेमतेम सहा जण धावले होते. ती वायएमसीए ही समाजसेवी संस्था भरवते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची, १९९४ पासूनची ‘रन टू फीड द हंग्री’ मात्र थेट तिथल्या फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या संस्थेसाठी, पैसे उभे करते.

प्रवेश फीमधून टी-शर्ट, वेळ मोजायची चिप, पोलीस बंदोबस्त असे खर्च आधी निघतात, उरेल ते संस्थेला. म्हणून नाव नोंदवताना ‘उत्पन्नाचा काही भाग’ असं मोघम लिहिलंय की रक्कम आणि संस्था स्पष्ट दिलीय, ते बघा. फॉर्मवर देणगीचा वेगळा रकाना असला तर तिथले पैसे जास्त उपयोगी. बिब (छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक) घेताना डबाबंद अन्नही स्वीकारतात, पण रोख दिलेली बरी, कारण फूड बँका घाऊक भावात खरेदी करतात. न धावताही देणगी देता येते, हे बरेच जण विसरतात.