सायट्रिक अ‍ॅसिड खरंच लिंबापासून बनवतात का? आणि ते कुठे कुठे वापरतात?

पूर्वी बनवायचे, आता जवळजवळ नाही. १७८४ साली शीले या रसायनशास्त्रज्ञाने लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. पुढे १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिलं, की अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून हे आम्ल भरपूर तयार करते. आज कारखान्यांत मळी किंवा ग्लुकोजच्या पाकावर हीच बुरशी वाढवतात. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते: कांद्यावर काळी भुकटी धरते, त्याच जातकुळीतली ही बुरशी!

पांढरे, वास नसलेले, पाण्यात चटकन विरघळणारे स्फटिक; साधारण १५३ अंश सेल्सिअसला वितळतात. सर्वाधिक खप सरबतं, शीतपेयं, जॅम यांत. पण खरी ताकद पाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवण्यात आहे, म्हणून डिटर्जंटमध्येही घालतात. किटलीत याच कॅल्शियमचा पांढरा थर बसला असेल, तर लिटरभर पाण्यात दोन चमचे टाकून गरम करा. बारीक बुडबुडे येऊन थर सुटतो. पोटासाठी घेतो त्या फसफसणाऱ्या पावडरीतही हेच आम्ल सोड्याशी भिडतं.

ब्लीचमध्ये मात्र कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.