वाचक विचारतात: रुंद टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडले

प्रश्न (चिपळूण): माझ्या पेट्रोल गाडीला कंपनीचे १८५/६५ आर१५ टायर होते. ते झिजल्यावर दुकानदाराच्या सांगण्यावरून २०५/६५ आर१५ टाकले. गाडी उंच वाटते, खड्ड्यांतही बरी चालते. पण अ‍ॅव्हरेज १९ वरून साडेसोळावर आले. टायर थोडे चालले की सुधारेल का?

उत्तर: थोडे सुधारेल, पण १९ परत दिसणार नाही. मात्र जेवढे पडलेले दिसते, तेवढे सगळे पेट्रोल खरोखर जास्त जळत नाही. आधी हा हिशोब समजून घ्या.

१८५/६५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. वरची आणि खालची बाजू धरून टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. हाच हिशोब २०५/६५ ला लावला तर व्यास ६४७.५ येतो. बरेच जण इथेच फसतात: ६५ हा आकडा तसाच राहिला म्हणून उंचीही तशीच राहिली असे वाटते, पण तो रुंदीचा टक्का असल्याने रुंदी वाढली की उंचीही वाढते. तुमचे चाक ४.२ टक्के मोठे झाले आहे. एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्याच चाकाच्या हिशोबाने मोजतो. मीटरवर १०० किलोमीटर पडले तेव्हा गाडी १०४ चालली आहे. म्हणून तुमचे साडेसोळा म्हणजे खरे १७.२. वेगाचेही तसेच: काटा पूर्वी ज्या आकड्यावर असायचा त्याच आकड्यावर ठेवलात, तरी गाडी आता चार टक्के जोरात असते.

उरलेल्या घटीची कारणे तीन. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे फिरला की पुन्हा मोकळा होतो. दबताना घेतलेली सगळी ताकद रबर परत देत नाही, काही उष्णतेत जाते. लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल, म्हणजे दबणारे रबर जास्त. त्यामुळे नवे टायर, अगदी मूळ मापाचे घेतले तरी, झिजलेल्यांपेक्षा अ‍ॅव्हरेज थोडे कमीच देतात. सुधारेल तो एवढाच भाग. दुसरे, मोठा टायर जड असतो आणि हे वजन फिरणारे आहे. दर वेळी गाडी थांबवून पुन्हा उचलताना त्याची किंमत मोजावी लागते. तिसरे, चाक मोठे झाले की सगळे गिअर लांब होतात, म्हणजे त्याच गिअरला ओढ कमी पडते. कुंभार्ली घाटात जिथे तिसऱ्यावर चढत होता, तिथे आता दुसरा टाकावा लागत असेल, आणि उभ्या चढावर गाडी उचलताना क्लच जास्त घासतो.

आता काय करावे? स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिकवर आणि मडफ्लॅपवर घासल्याच्या खुणा पाहा. माणसे भरूनही पाहा, कारण रिकाम्या गाडीत न घासणारा टायर भरल्यावर घासतो. खूण दिसली तर हे टायर ठेवू नका. नसेल तर वापरा, पण मीटरचा आकडा १.०४२ ने गुणून अ‍ॅव्हरेज काढा: एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून, किमान ३०० किलोमीटरनंतर. पुढच्या वेळी रुंद हवाच असेल तर १९५/६० आर१५ पाहा. त्याचा व्यास ६१५ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा एकच टक्का कमी. मात्र बाजू तीन मिलिमीटर बुटकी होईल आणि खड्डा किंचित जास्त जाणवेल. खरे सांगायचे तर कोकणातल्या रस्त्यांना मूळ १८५/६५ च उत्तम आहे.

प्रश्न (देवगड): वाडीतल्या जांभ्याच्या रस्त्यावर गाडी फार आदळते म्हणून हवा ३३ ऐवजी २६ ठेवतो. आंब्याच्या दिवसांत मागे पेट्याही भरतो. हे चालेल का?

उत्तर: चालणार नाही, आणि पेट्या भरल्यावर तर मुळीच नाही. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, म्हणून धक्का मऊ लागतो. पण तेच वाकणे टायर आतून तापवते आणि दोन्ही कडांची नक्षी आधी खाते. खड्ड्याची कड लागली तर टायर रिमपर्यंत चेपला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. अ‍ॅव्हरेजचे नुकसान त्या मानाने लहान आहे: चारही चाकांत एक पीएसआय (हवेच्या दाबाचे माप, तुमचे ३३ आणि २६ त्यातलेच) कमी झाला तर साधारण ०.२ टक्के, म्हणजे तुमच्या सात पीएसआयला दीड टक्क्याच्या आसपास. खरे पैसे टायरच्या आयुष्यात जातात.

चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेली पट्टी वाचा. तिच्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुधा वेगळे असतात आणि भरलेल्या गाडीला मागच्या चाकांत हवा जास्त सांगितलेली असते. पेट्या भरण्याआधी तेवढी भरा, माल उतरवल्यावर पुन्हा कमी करा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. वीस-तीस किलोमीटर चालून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. तेव्हा ती काढलीत तर सकाळी हवा कमी पडलेली असेल.

गाडी खरेच आदळत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. टायरवर लंबगोलात चार अंक असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. सहा वर्षांपलीकडचे रबर, नक्षी शिल्लक असली तरी, कडक झालेले असते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ आहेत का तेही पाहा. टायरवर ‘एक्सएल’ लिहिले असेल तर तो जादा भारासाठी बांधलेला, म्हणजे मुळातच ताठ बाजूंचा असतो.

प्रश्न (मालवण): घर समुद्राजवळ आहे. एका टायरची हवा आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरते. पंक्चरवाल्याने दोनदा पाण्यात बुडवून पाहिला, खिळा नाही. टायर बदलू का?

उत्तर: टायर बहुधा निर्दोष आहे, रिम पाहा. चांगल्या टायरची हवा महिन्याला एक-दोन पीएसआय उतरते. तुमची गळती त्याच्या कितीतरी पट आहे. खारी हवा आणि ओली वाळू रिमच्या कडेला जाऊन बसते. ट्यूबलेस टायरची कड जिथे रिमला घट्ट चिकटायला हवी, तिथे लोखंडी रिमला गंज आणि अ‍ॅलॉयला पांढरी भुकटी धरते. त्या खडबडीतून हवा इतकी हळू निघते की पाण्यात बुडबुडा चटकन दिसत नाही.

टायर पूर्ण हवेवर ठेवून रिमच्या दोन्ही कडांना आणि वॉल्व्हच्या बुडाला साबणाचा दाट फेस लावा आणि दहा मिनिटे थांबा. बारीक फेस वाढताना दिसला की जागा सापडली. मग टायर रिमवरून उतरवून घ्या, कड तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, धूळ पुसा, टायरच्या कडेला बीड सीलर (कडेची फट बुजवणारा लेप) लावून बसवा. रबरी वॉल्व्ह त्याच वेळी नवा घाला. तो स्वस्त असतो, आणि टायर उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. शेवटी बॅलन्सिंग करून घ्या. गंजाने खड्डे पडले असतील तर रिमच बदला. गळती थांबवायला आत ट्यूब घालण्याचा सल्ला मात्र घेऊ नका: ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून तापतात, आणि पंक्चर झाल्यावर हवा हळूहळू न जाता एकदम जाते.

प्रश्न (रत्नागिरी): ‘इंधन वाचवणारे’ टायर आपल्या पावसात पकड देतात का?

उत्तर: सगळे सारखी देत नाहीत. कमी तापणारे, सहज घरंगळणारे रबर ओल्या रस्त्यावर पकड गमावू शकते. सिलिका मिसळलेल्या चांगल्या रबरात दोन्ही साधते, पण तो टायर महाग पडतो. घरंगळण्याचा विरोध दहा टक्क्यांनी उतरला तर इंधन एक-दोन टक्के वाचते. आंबा घाटाच्या ओल्या उतारावर गाडी चार फूट पुढे जाऊन थांबणार असेल, तर एवढ्या बचतीसाठी तो टायर घेण्यासारखा नाही. दुकानात दोन्ही गुणांची माहिती मागा, आधी ओल्या पकडीची. नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात; ते १.६ मिलिमीटरवर नक्षीच्या बरोबरीला येतात आणि कायद्याची मर्यादा तीच आहे. पण आपल्याकडे मृगाच्या आधी तीन मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असलेला टायर बदलावा. त्याखाली खाचा पाणी पुरेसे बाहेर फेकू शकत नाहीत आणि महामार्गावर साचलेल्या पाण्यात चाक रस्ता सोडून तरंगते. हवा कमी असेल तर हे आणखी कमी वेगाला घडते.

प्रश्न (सावंतवाडी): सध्या दोनच टायर घेणे परवडते. पुढे टाकू की मागे?

उत्तर: मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाके घसरली तर स्टेअरिंग हलके लागते आणि पाय सैल करून गाडी सावरता येते. आंबोलीच्या ओल्या वळणावर मागची घसरली तर सावरायला वेळच मिळत नाही. जुन्या चारांपैकी चांगली जोडी पुढे ठेवा आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या.